संचलनातले मूल आणि मागचे घर

चालत, वळत, रांगा मोडून पुन्हा बांधत वाद्ये वाजवणाऱ्या तरुणांच्या पथकाला अमेरिकेत ड्रम कोअर म्हणतात. त्यात तीन विभाग असतात: पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी हवेत फेकून झेलणारी मुले-मुली. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी त्यात नसतात आणि नेहमीच्या मार्चिंग बँडपासून ड्रम कोअर वेगळे ओळखू येते ते यावरूनच. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावच्या मुलांची अशी पथके उभी केली. चर्चच्या आणि स्काउटांच्या पथकांची त्यात भर पडली. १९७१ साली प्रमुख पथकांनी एकत्र येऊन ड्रम कोअर्स इंटरनॅशनल ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. २००९पासून या स्पर्धेचे घर म्हणजे इंडियानापोलिसचे लुकास ऑइल स्टेडियम.

स्पर्धेतला खेळ जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा असतो. तो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होतो. मैदानाची लांबी १०० यार्ड, दर पाच यार्डांवर आडवी रेघ. दोन रेघांमधले अंतर बरोबर आठ पावलांत कापायचे, म्हणजे प्रत्येक पाऊल सुमारे ५७ सेंटिमीटरचे. कोणत्या मात्रेला आपण कोणत्या रेघेपासून किती पावलांवर असायचे, हे प्रत्येक वादकाला पाठ असते आणि अशा जागा एका खेळात शंभराच्या आसपास, कधी त्याहून अधिक येतात. वाजवताना पायांकडे बघता येत नाही. दीडशेहून अधिक मुले हे एकाच वेळी करतात, म्हणून बारा मिनिटांच्या खेळासाठी अख्खा उन्हाळा खर्ची पडतो. त्या उन्हाळ्यातला मुलाचा वाटा मैदानावर दिसतो. घरचा वाटा मात्र पार्किंगमध्ये, स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये, बँकेच्या खात्यात आणि फोनच्या पलीकडे असतो.

नाशिकमध्ये ड्रम कोअर नाही. ढोलपथके मात्र भरपूर आहेत, आणि परदेशी पथकात मूल पाठवू पाहणाऱ्या घराने सुरुवात तिथूनच करावी, कारण चालत वाजवण्याचे संस्कार या शहरात आधीपासून आहेत. गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवपासून निघते आणि भद्रकाली, मेन रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा या वाटेने पंचवटीकडे जाते. त्या वाटेवर ढोलपथकांइतकीच गर्दी गुलालवाडी व्यायामशाळेच्या लेझीम पथकाभोवती जमते. गुढीपाडव्याच्या आधी गोदाकाठच्या पाडवा पटांगणावर नववर्ष स्वागत यात्रा समितीचे महावादन होते, त्यात शहरातली अनेक पथके एकत्र वाजवतात. नाशिक ढोल हे नाव तर शहराच्या कितीतरी पुढे गेले आहे. केरळात लग्न, देवळाचा उत्सव आणि निवडणुकीची मिरवणूक या तिन्ही ठिकाणी ढोल-ताशाचा जो संच वाजतो, त्याला तिकडे नासिक ढोल असेच म्हणतात; मंगळूरकडे नासिक बँड. वाजवणारे मल्याळी किंवा तुळू असतात, नाव गोदाकाठचे.

पथकाची रचना सोपी असते. पुढे ध्वज, मग ताशे, त्यांच्या मागे ढोलांच्या रांगा, बाजूला झांजा आणि टोल. ताशा उथळ धातूच्या भांड्याचा, दोन बारीक काड्यांनी वाजणारा. लयीची सूत्रे त्याच्याकडे. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. ठरावीक रचनांना ‘हात’ म्हणतात आणि कोणता हात कधी सुरू करायचा, कधी तोडायचा, हे पथकप्रमुखाच्या खुणेवर ठरते. सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळी सुरू होतो. शिकवणे सगळे कानावर आणि डोळ्यावर. कागद नसतो. ढोल वाहून नेणे, पाने ताणणे, सरावाच्या जागी पाणी आणि मिरवणुकीच्या दिवशी वडापाव पोचवणे ही कामे पथकातलीच मोठी मुले आणि आसपासचे पालक करतात, त्यासाठी कोणी पत्रक काढत नाही.

एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. ढोल, हलगी, संबळ, सनई ही वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींनी वाजवली, त्यांच्याकडे वादक म्हणून बघण्याची समाजाची नजर कधीच बरोबरीची नव्हती. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, कळवण भागात आदिवासींचे ढोल आणि पावरी आजही वाजतात, पण त्यांच्या मुलाला कोणी ‘पथकातला’ म्हणत नाही. पांढरा कुर्ता आणि फेटा घालून मध्यमवर्गीय मुले-मुली रस्त्यावर उतरली, तेव्हा तेच वाद्य प्रतिष्ठेचे झाले. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याला अजून ती प्रतिष्ठा मिळालेली नाही. परदेशातल्या पथकात मात्र सर्वांत जास्त मागणी त्याच वाद्याला आहे: पितळी विभाग पथकाच्या निम्म्याच्या आसपास असतो. मुलाने ट्रंपेट किंवा बॅरिटोन शिकायचे म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

तयारी

नाशिकच्या ताशेवाल्या मुलाला स्नेअर ड्रम परका वाटत नाही. दोन काड्या, ताणलेले पान, पुढे राहून लय सांभाळणे, हे सगळे ओळखीचे. अडचण येते ती कागदावर. ड्रम कोअरचे सगळे काम पाश्चात्त्य स्वरलिपीत चालते आणि काडीच्या मूळ प्रहारांची ठरलेली यादी असते. पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने १९८४ साली निश्चित केलेले ४० रुडिमेंट्‌स ही तिथली बाराखडी आहे. पथकातल्या निवडीसाठी चाचणीला बसणाऱ्या मुलाकडून ती दोन्ही हातांनी, हळू ते जलद आणि पुन्हा हळू, मेट्रोनोमवर अपेक्षित असते. चाचणीचे बरेचसे काम आता व्हिडिओवर होते. नाशिकमधूनही ते पाठवता येते. त्यामुळे घरच्यांची पहिली मदत म्हणजे स्वरलिपी शिकवणारा शिक्षक शोधणे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक महाराष्ट्राच्या मोठ्या शहरांत मिळतात. एक-दोन श्रेणी झाल्या की वाचनाची भीती जाते.

दुसरी मदत घरातल्या जागेची. रबराचा सरावपट टेबलावर ठेवला तर आवाज शेजारच्या सदनिकेत जात नाही आणि मुलाला रोज तासभर हात चालवता येतो. तिसरी गोष्ट पायांची. चालत वाजवण्यातले खरे कष्ट पोटऱ्यांना आणि पाठीला पडतात. एनसीसीत किंवा शाळेच्या संचलनात घडलेल्या मुलाला इथे आघाडी मिळते. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमुळे आणि देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशिकला संचलन नवे नाही, पण कवायतीतले ताठ पाऊल आणि ड्रम कोअरचे टाचेवरून बोटांवर घरंगळणारे पाऊल यांत फरक असतो. वाद्याला धक्का बसू नये म्हणून ते पाऊल मुद्दाम मऊ टाकायला शिकवतात.

वय, व्हिसा आणि सुट्टी

ड्रम कोअर्स इंटरनॅशनलच्या मुख्य स्पर्धांसाठी वयाची मर्यादा २२ वर्षांची आहे. नाशिकच्या घरांचे सगळे गणित इथेच अडते. इथली बहुतेक मुले अभियांत्रिकीची पदवी घेऊन एमएससाठी अमेरिकेत जातात, तेव्हा त्यांचे वय २२ किंवा त्याच्या पुढे असते. म्हणजे मूल तिथे पोचते आणि दार बंद झालेले असते. ड्रम कोअरमध्ये जाण्याची संधी मुख्यतः दोन गटांना मिळते: बारावीनंतर पदवीसाठीच परदेशी गेलेल्यांना आणि तिथेच वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना.

पदवीवाल्यांपुढे पुन्हा सुट्टीचा पेच असतो. पथक मे महिन्याच्या मध्याला एकत्र येते, काही आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत सराव करते, जूनच्या अखेरीपासून दौऱ्यावर निघते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात स्पर्धा संपवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपचाही काळ नेमका हाच. दोन्ही एका उन्हाळ्यात बसत नाहीत. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात पथक आणि पुढच्या उन्हाळ्यांत कंपनी, अशी विभागणी त्यातल्या त्यात शहाणपणाची. पहिल्या वर्षी चांगली इंटर्नशिप मिळण्याची शक्यता तशीही कमीच असते. नोकरीच्या काळजीने घरच्यांनी या निर्णयात फार घाई करू नये, आणि मुलानेही ‘एकच उन्हाळा’ या शब्दावर दरवर्षी मुदत वाढवून घेऊ नये.

एमएसला गेलेल्या मुलासाठी विद्यापीठाचा स्वतःचा मार्चिंग बँड हा चांगला मार्ग आहे. इंडियानातले पर्ड्यू विद्यापीठ मराठी घरांना अभियांत्रिकीसाठी माहीत असते. तिथला बँड १८८६ सालचा आहे, त्यातले बहुसंख्य वादक अभियांत्रिकी किंवा विज्ञानाचे विद्यार्थी असतात आणि त्याचा १९२१ सालचा प्रचंड ढोल बघण्यासाठी लोक खास येतात. अशा बँडमध्ये संगीताचा विद्यार्थी असण्याची अट नसते. सराव आठवड्यातून काही संध्याकाळी आणि कार्यक्रम फुटबॉलच्या सामन्यांना, त्यामुळे अभ्यासाची मोडतोड कमी होते.

व्हिसाचे उत्तर साधे आहे. ड्रम कोअरमध्ये सदस्याला पैसे मिळत नाहीत, उलट त्यालाच भरावे लागतात. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलासाठी हा रोजगार ठरत नाही, तरीही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारून ठेवलेले बरे. भारतातून केवळ एका हंगामासाठी जाणाऱ्याला मोबदला न घेणारा हौशी कलाकार म्हणून बी-२ व्हिसा मागता येतो. मुंबईतल्या बांद्रा-कुर्ला संकुलात मुलाखत होते आणि तिथे तीन गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत: पथकाचे निवडपत्र, पूर्ण खर्चाची तजवीज आणि हंगाम संपल्यावर भारतात परतण्याचे कारण. सर्वांत जास्त वेळ मुलाखतीच्या तारखेसाठी जातो. म्हणून निवड होण्याची वाट न बघता पासपोर्ट आणि कागदपत्रे आधीच तयार हवीत.

पैसा अजिबात न लागणारा एक देशी मार्गही आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, प्रजासत्ताक दिन शिबिरात चमकलेल्या कॅडेटांमधून युवा विनिमय कार्यक्रमासाठी निवड होते आणि ते सरकारी खर्चाने मित्रदेशांत जातात. तिथे स्पर्धेचा बँड नसतो, पण संचलन, सांस्कृतिक कार्यक्रम आणि परक्या देशात गणवेशात वावरण्याचा अनुभव मिळतो. सैन्यात गेलेल्यांसाठी आणखी मोठी मैदाने आहेत. २०१७ साली भारतीय नौदलाचा बँड एडिंबरोच्या रॉयल मिलिटरी टॅटू या लष्करी बँडांच्या सोहळ्यात वाजला आणि २०२३ साली १४ जुलैला पॅरिसच्या संचलनात भारताच्या तिन्ही दलांची तुकडी बँडसह चालली.

पैसे

वरच्या श्रेणीतल्या पथकाची एका हंगामाची फी साधारणपणे पाच-सहा हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे चार ते पाच लाख रुपये. त्यात जेवण, बसप्रवास, शिक्षक आणि झोपण्याची जागा येते. वाद्ये पथकाची असतात. बूट, हातमोजे, सरावाचे कपडे, हिवाळ्यातल्या शिबिरांना जाण्या-येण्याचा विमानखर्च आणि वैद्यकीय विमा वेगळा. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात दर महिन्याला एखादे शनिवार-रविवारचे शिबिर असते. दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा विमानखर्चच बजेट उलटवतो. वरवर न दिसणारी रक्कम हीच.

फी भरूनही पथकाचा सगळा खर्च निघत नाही. ही पथके ना-नफा संस्था असतात आणि उरलेला भाग देणग्या, वस्तूंची विक्री आणि स्थानिक उपक्रमांतून उभा करतात. कॅलिफोर्नियातल्या काँकॉर्ड गावचे ब्लू डेव्हिल्स हे १९५७ साली सुरू झालेले आणि सर्वाधिक अजिंक्यपदे मिळवलेले पथक. त्याच्या आर्थिक बळामागे बिंगोचे खेळ आहेत. त्याच राज्यातले १९६७ सालचे सांता क्लारा व्हॅनगार्ड इतके नामांकित असूनही पैशांच्या अडचणीमुळे २०२३च्या हंगामात उतरू शकले नाही. २०२४ साली परतले. फी भरण्यापूर्वी पथकाचे नाव आणि पदके पाहिली जातात, संस्थेची आर्थिक स्थिती आणि हंगाम रद्द झाल्यास परताव्याचा नियम पाहिला जात नाही. पाहायला हवा.

भारतातून रक्कम पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच गोळा होणारा कर, कापला जात नाही. त्याच वर्षी मुलाची शैक्षणिक फीही पाठवली जात असेल, तर दोन्ही रकमांचा हिशेब बँकेत आधी विचारून घ्यावा. बहुतेक पथके हप्ते देतात. सदस्याला स्वतःसाठी देणग्या गोळा करण्याची मुभाही असते. नाशिकच्या नातेवाइकांना त्यात हात आखडण्याचे कारण नाही. मंडळाची वर्गणी मागताना कोणी लाजत नाही, तसेच हेही.

मागची फळी

दौरा सुरू झाला की पथक रात्री बसने प्रवास करते, पहाटे एखाद्या गावच्या शाळेत उतरते, व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर गाद्या पसरून काही तास झोपते आणि न्याहारी करून मैदानावर जाते. दिवसाला चार जेवणे लागतात. ती एका मोठ्या ट्रकमध्ये बसवलेल्या स्वयंपाकघरात शिजतात आणि शिजवणारे बहुतांशी स्वयंसेवक, म्हणजे पालक असतात. कोणी एक आठवडा सुट्टी घेऊन कांदे चिरायला जाते, कोणी गणवेशाच्या बाह्या उसवून पुन्हा शिवते, कोणी नेपथ्याच्या चौकटी मैदानात ढकलते, कोणी ट्रक चालवते. शाळांच्या बँडभोवती अशाच कामासाठी बूस्टर नावाची पालकसंघटना असते. फुटबॉलच्या शुक्रवारी पाण्याची पिंपे भरणे, टोप्यांवरचे तुरे मोजून देणे आणि परत मोजून घेणे हे तिचे काम.

नाशिकहून भेटीला गेलेल्या आई-वडिलांना ही संधी असते. एक महिना मुलाकडे राहायला जाणारे पालक त्यातला एक आठवडा दौऱ्यावर देऊ शकतात. इंग्रजी जेमतेम असले तरी दीडशे माणसांच्या स्वयंपाकात हात चालतो, आणि लग्नकार्यात पंगती वाढलेल्या माणसाला तो अंदाज तिथल्या अनेकांहून बरा असतो. स्वयंसेवकांची नावे पथक बरेच आधी मागते आणि पार्श्वभूमीची तपासणीही करते, म्हणून आयत्या वेळी जाऊन उभे राहता येत नाही. शाकाहारी जेवण जवळजवळ सगळीकडे मिळते, मात्र ते फॉर्मवर लिहिलेले असावे लागते. चतुर्थीचा उपास आणि बारा तासांचा सराव यांचा मेळ बसत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलाला स्वतःहून सांगितले तर त्याचे ओझे उतरते.

जाता न येणाऱ्या पालकांचे काम वेगळे. इंडियानापोलिस उन्हाळ्यात भारतीय वेळेच्या साडेनऊ तास मागे असते. शनिवार संध्याकाळची अंतिम फेरी नाशिकमध्ये रविवारी पहाटे सुरू होते आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत चालते. थेट प्रक्षेपण पैसे भरून पाहता येते. दौऱ्यात मुलाला दिवसभर फोन हातात घेता येत नाही, रात्री बसमध्ये तो झोपतो. दोन-तीन दिवस निरोप आला नाही म्हणून पथकाच्या कार्यालयात फोन करणारे पालक सर्वत्र असतात. आठवड्याचा एक ठरलेला वार आणि रोज एक खूण, एवढे आधी ठरवून घेतले तर दोन्हीकडे शांतता राहते. तिसऱ्या आठवड्यात ‘परत येतो’ असा फोन हमखास येतो. पाय सुजलेले असतात, झोप झालेली नसते, विभागप्रमुख ओरडलेला असतो. त्या फोनवर लगेच तिकीट काढण्याची गरज नसते. दुखापत, ताप किंवा कोणाच्या वागण्याची तक्रार असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

शरीर आणि सुरक्षितता

ढोलपथकात आणि ड्रम कोअरमध्ये सर्वांत दुर्लक्षित अवयव म्हणजे कान. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास राहता येते आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. ताशांच्या रांगेत किंवा स्नेअरच्या फळीत आवाज १००च्या सहज वर जातो आणि सराव चालतो तासन्‌तास. ऐकू येणे एकदा कमी झाले की ते परत मिळत नाही. परदेशी पथकांत कानात बोळे घालणे ही रोजची सवय आहे. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, आणि वादकांसाठीचे खास बोळे सूर न बिघडवता सगळा आवाज सारखा खाली आणतात. नाशिकच्या पथकांत पंधरा-सोळा वर्षांची मुले उघड्या कानांनी दोन महिने ताशा वाजवतात. आवाजावर इथे वाद होतो तो रस्त्याकडेच्या लोकांसाठी. पुण्यात पथकातल्या वादकांची संख्या तीसपर्यंत आणण्याचा हरित लवादाचा आदेश आला आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला स्थगिती दिली, तेव्हाही वाजवणाऱ्या मुलांच्या कानांबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

त्यानंतर खांदे आणि पाठ. ट्यूबा किंवा टेनर ड्रमचा संच पट्ट्यासह पंधरा किलोच्या आसपास भरतो. तो अंगावर घेऊन मागे, आडवे, तिरके पळावे लागते. जाण्यापूर्वी तीन महिने पोट आणि पाठ मजबूत करणारा व्यायाम आणि रोज काही किलोमीटर पळणे यांना पर्याय नाही. टेक्सासचा जुलै नाशिककराला घाबरवणारा नसतो, पण ऊन सोसण्याची सवय आणि उन्हात दहा तास वाजवण्याची सवय वेगळी. पाणी तहान लागण्याआधी प्यायचे, हे तिथे हुकूम म्हणून सांगतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत नावावर विसंबून चालत नाही. न्यू जर्सीत १९३४ साली सुरू झालेले द कॅडेट्स हे या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या पथकांपैकी एक होते. २०१८ साली त्याच्या संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांनी पद सोडले. पुढे जुन्या अत्याचाराच्या दाव्यांचा भार पेलता न आल्याने २०२४ साली पथकच बंद झाले. तेव्हापासून पालक जे प्रश्न विचारू लागले, ते आधीच विचारायला हवे होते: मुलांबरोबर एकटे राहण्याबाबत मोठ्यांसाठी नियम काय, तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती पथकाच्या बाहेरची आहे का. हेच प्रश्न नाशिकच्या पथकप्रमुखालाही विचारता येतात. अल्पवयीन मुले रात्री उशिरापर्यंत मोठ्यांबरोबर सरावाला असतात आणि २०१२ सालचा पॉक्सो कायदा सरावाच्या मैदानालाही लागू आहे.

तिकडचा ढोल

परदेशातल्या मराठी घरांत बहुतेक वेळा दोन्ही परंपरा एकाच मुलाच्या वाट्याला येतात. आठवडाभर शाळेचा बँड, रविवारी मंडळाचा ढोल. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत ढोल-ताशाची मिरवणूक आता ठरलेली असते. २०२४चे अधिवेशन सॅन होजेला झाले, व्हॅनगार्डच्या सांता क्लारापासून अगदी जवळ. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे. या पथकांत पालकांना वाद्ये मागवण्यापासून सगळे करावे लागते. कातड्याच्या पानांचा ढोल ऑस्ट्रेलियासारख्या देशाच्या जैवसुरक्षा तपासणीत अडकतो, म्हणून प्लास्टिकचे पान बरे पडते. ढोल गॅरेजमध्ये राहतात, सराव एखाद्या कार्यालयाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये होतो आणि त्यासाठी परवानगी काढावी लागते. विसर्जन तिथीला नव्हे, जवळच्या शनिवार-रविवारी. अशा मुलाला नाशिकला आल्यावर एखाद्या पथकात पाहुणा वादक म्हणून चार दिवस उभे केले, तर कागदाशिवाय ताल कसा पोचतो हे त्याला कळते. इथल्या पथकांनी एवढे दार उघडे ठेवावे.

नव्या हंगामाच्या चाचण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे दिवाळीच्या सुमारास किंवा ती आटोपताच होतात. ज्या घरात हा विचार चालू आहे, त्यांनी सर्वांत आधी मुलाची जन्मतारीख पथकाच्या नियमाशी ताडून पाहावी आणि मग पासपोर्टची मुदत. बाकीच्या गोष्टींना त्यानंतर वेळ मिळतो.